खेळांची थकबाकी

‘बॅकलॉग’ हा शब्द आमच्या कानांवर प्रथम पडला तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून. एखाद्या विषयांत नापास होऊन तो पुढील सत्रांत ओढून नेणें, यास तीं मुलें बॅकलॉग म्हणतात. सरकारी मराठींत त्यालाच ‘अनुशेष’ असें भारदस्त नांव आहे, आणि प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें १९८४ सालीं प्रादेशिक विकासाचा हिशेब मांडला तेव्हांपासून हा शब्द वर्तमानपत्रांतून कधीं खालीं बसलेला नाहीं. परंतु खेळांचाही अनुशेष असूं शकतो, आणि तो भरून काढण्यासाठीं एखादा चांगला कमावता, बायकामुलांचा मनुष्य वर्षभराचा नेम धरूं शकतो, हें मात्र आम्हांस गेल्या दिवाळींत बेल्ह्यास गेल्यावर कळलें.

बेल्हे हें आमचें मूळ गांव. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागांत, कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर (आमच्या पिढीच्या तोंडीं तें अजून नगरच आहे) तें वसलेलें आहे. आणि सोमवारचा बाजार व त्यांत होणारी बैलांची खरेदीविक्री यांमुळें पंचक्रोशीबाहेरही तें ठाऊक आहे. घर थोरले बंधु पाहतात. त्यांचा मुलगा पुण्यास संगणकाच्या एका कंपनींत आहे. पण हल्लींच्या चालीप्रमाणें महिन्यांतील दहाबारा दिवस तो घरींच माडीवर बसून नोकरी करतो. त्या माडींत आम्ही निजावयास गेलों असतां भिंतीवर एक रेघोट्यांचा कागद दिसला. वर लिहिलें होतें, ‘नवीन खरेदी बंद’. खालीं बारा नांवें. त्यांतील सातांपुढें बरोबरची खूण.

“हें काय रे? उधारीची यादी?” आम्हीं विचारलें.

“गेम आहेत, काका. माझ्याकडे दोनशेंच्या वर साठलेत. निम्मे तर उघडून सुद्धां पाहिले नाहींत. या वर्षीं ठरवलंय, बारा पुरे करायचे आणि तोंवर एकही नवा घ्यायचा नाहीं.”

“उघडून पाहिले नाहींस तर घेतलेस कशाला?”

“स्वस्त होते म्हणून.”

हें उत्तर आम्हांस हास्यास्पद वाटलें. आणि अप्पा बळवंत चौकांतून आजवर आम्हीं काय काय या एकाच कारणानें उचलून आणिलें आहे याची आठवण त्या क्षणीं झाली नाहीं, ही मनुष्यस्वभावाची गंमत.

हा साठा होतो कसा, तें वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पूर्वीं व्हिडिओ गेम तबकडीवर मिळत. पैसे साठवून एक घ्यावा, तो झिजेपर्यंत खेळावा, अशी रीत होती. २००३ सालीं वाल्व्ह या अमेरिकन कंपनीनें ‘स्टीम’ नांवाचें दुकान संगणकांतच उघडलें, आणि पुढें वर्षांतून कांहीं वेळां तेथें मोठ्या सवलतीचे बाजार भरूं लागले. हजाराची वस्तु शंभरांत मिळाली तर ती नको म्हणणारा विरळा. घरांत जागा अडत नाहीं, धूळ बसत नाहीं, बायको विचारीत नाहीं. २०१४ सालीं ‘आर्स टेक्निका’ या नियतकालिकानें त्या दुकानांतील खात्यांचा अदमास घेतला, तेव्हां लोकांनीं घेतलेल्या खेळांपैकीं सुमारें ३७ टक्के खेळ एकदांही चालू केलेले नाहींत असें दिसून आलें. जपानी लोकांजवळ न वाचतां रचून ठेविलेल्या पुस्तकांसाठीं ‘त्सुंदोकु’ असा एक शब्दच आहे. त्याच धर्तीवर रचून ठेविलेल्या खेळांसाठीं त्यांनीं ‘त्सुमिगे’ हा शब्द पाडला आहे. मराठींत अद्याप असा शब्द नाहीं. ‘थकबाकी’ आम्ही सुचवितों. कारण अर्धा गुन्हेगारी भाव त्या शब्दांत आपोआप येतो.

आतां पुतण्याच्या नेमाविषयीं. आमचें पहिलें मत प्रतिकूल पडलें, आणि तें अजूनही पुरतें बदललेलें नाहीं. कोणता खेळ पुरा होण्यास सरासरी किती तास लागतात हें सांगणारें ‘हाऊ लाँग टू बीट’ नांवाचें एक संकेतस्थळ आहे. तें पाहून त्यानें बारांपैकीं आठ खेळ असे निवडले होते कीं जे पांचसहा तासांत आटपतात. परीक्षेस नेमलेल्या कवितांतून सर्वांत आंखूड कविता आधीं पाठ करणारे विद्यार्थी आम्हीं तीस वर्षें पाहिले आहेत. त्यांस त्या कवितेचा दुसरा कोणताही गुण सांगतां येत नाहीं.

परंतु न खेळतां मत देणें म्हणजे न वाचतां परीक्षण लिहिणें होय, आणि तो उद्योग मराठींत करणारे पुष्कळ आहेत. म्हणून आम्हीं त्यास म्हटलें, त्या सातांपैकीं एक आम्हांस खेळावयास दे. त्यानें ‘राजी’ दिला. “हा पुण्यांत तयार झालाय, काका,” एवढेंच कारण त्यानें सांगितलें, आणि तें आम्हांस पुरेसें वाटलें.

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या मंडळीनें रचिला आहे. २०१७ सालीं लोकवर्गणीनें भांडवल उभें करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी हातचें काम न टाकतां त्यांनीं तें पुरें केलें. २०२० च्या ऑगस्टांत तो निन्टेन्डो स्विचवर व त्यानंतर इतर यंत्रांवर आला, आणि त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ या समारंभांत उत्तम पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं निवडलेल्या पांच नांवांत त्याचें नांव होतें. कथा साधी आहे. राजी व तिचा धाकटा भाऊ गोलू हीं कसरतीचे खेळ करणारीं मुलें. रक्षाबंधनाच्या दिवशीं असुर चाल करून येतात आणि मुलें पळवून नेतात. त्यांत गोलूही जातो. दुर्गा राजीच्या हातीं त्रिशूल देते, आणि महाबलासुराच्या मागावर बहिणीचा प्रवास सुरू होतो.

हा प्रवास आम्हांस खरोखर आवडला. त्यांतील एक गोष्ट तर नाटककारांनींही शिकण्याजोगी आहे. राजी क्षत्रिय नव्हे, तपस्विनी नव्हे. ती डोंबारखेळ करून पोट भरणारी पोर आहे. म्हणून तिची लढाई हीही कसरतच आहे. भिंतीवरून धांवत जाऊन उलटी झेप घ्यावी, खांबाला गिरकी घेऊन असुरावर कोसळावें, असें तिचें युद्ध आहे. पात्राचा जो धंदा तेंच त्याचें सामर्थ्य, आणि तें कोणाच्या भाषणांतून न सांगतां आपल्याच बोटांतून आपल्याला कळावें, हें या माध्यमाचें खास बळ होय. (आमचीं बोटें पंचावन्न वर्षांचीं असल्यानें पहिल्या तासांत राजी आमच्या हातून तेवीस वेळां दरींत पडली, हें प्रांजळपणें नमूद करितों. थोरल्या बंधूंची नात शेजारीं बसून मोजीत होती.) कथेचे मधले दुवे छायाबाहुल्यांच्या रूपानें दाखविले आहेत, आणि वाटेंतील भिंतींवर पहाडी शैलीचा वास असलेलीं चित्रें आहेत, त्यांपाशीं थांबलें तर देवदेवतांच्या कथा ऐकूं येतात.

दोषही मोठे आहेत. दुर्गा व विष्णु हे वरून सारें पाहत असतात व आपसांत बोलत राहतात. इतकें कीं एखाद्या अवघड उडीपूर्वीं मनांत जी भीति दाटून यावयाची ती त्या गप्पांनीं पातळ होते. शिवाय मूळ आवृत्तींत ते इंग्रजी बोलतात. आम्ही इंग्रजीवरच पोट भरलें असल्यानें त्या भाषेचा आम्हांस राग नाहीं, पण ऑक्सफर्डच्या उपाहारगृहांत चहा घेत असल्यासारखे देव ऐकतांना त्रिशूलाचें वजन कमी होतें. पुढें निघालेल्या सुधारित आवृत्तींत हिंदी संवाद आले. मराठी आले नाहींत. एका मागून एक बंद चौकांत असुरांशीं झुंजावयाचें, हा क्रम दोनतीन तासांनीं कंटाळवाणा होतो. शेवट घाईनें उरकला आहे. आणि सर्वांत मोठी उणीव ही कीं गोलू हा केवळ हरवण्यापुरता आहे. त्याच्या बहिणीचें त्याच्याशीं एखादें भांडण तरी आधीं पाहिलें असतें, तर त्याच्या शोधाला अधिक धार आली असती.

आणखी एक गोष्ट मनांत येते, ती दोष म्हणून नव्हे. पुण्यांत बसून रचिलेल्या या खेळांतील गड, हवेल्या, वाळवंटें सारीं राजस्थानची आहेत. कलावंतानें आपलें चित्र कोठें रंगवावें हा त्याचा प्रश्न. तरी जुन्नर तालुक्यांतल्या माणसास असें वाटल्यावांचून राहत नाहीं कीं, शिवनेरीच्या कड्याला चढणारी, लेण्याद्रीच्या अंधारांत दबकत शिरणारी आणि नाणेघाटांत त्या दगडी रांजणामागें दडणारी एखादी राजी आम्हांस केव्हां भेटेल? तिला असुरांची गरजही पडणार नाहीं. आमच्या उंसांत बिबटे आहेत.

खेळ संपल्यावर आम्हीं पुतण्याशीं त्या भिंतींवरील चित्रांची गोष्ट काढली. तो गोंधळला. “चित्रं? मी थांबलोच नाहीं, काका. एका रात्रींत संपवायचा होता.”

आमचा सारा आक्षेप या एका वाक्यांत आहे. ज्या भिंती रंगविण्यांत त्या मंडळींनीं कोण जाणे किती महिने घातले असतील, त्या भिंतींवरून हा गृहस्थ केवळ धांवत गेला, कारण कागदावर खूण करावयाची होती. चातुर्मासांत आमची आजी कांदा, लसूण, वांगें सोडी. परंतु तिच्या नेमाचा परिणाम असा होई कीं चार महिने ताटांत काय पडतें याकडे तिचें लक्ष अधिक असे. नेमानें जर लक्षच उडून जात असेल, तर तो नेम नव्हे, वसुली होय.

मात्र खेळणाऱ्यांच्या जगांत दुसऱ्या जातीचे नेमही आहेत, आणि ते त्यानेंच आम्हांस दाखविले. त्यांतील एकानें आम्ही खरेच चकित झालों. ‘पोकेमॉन’ हा लहान मुलांचा जपानी खेळ १९९६ पासून चालत आला आहे. रानांतील विचित्र प्राणी पकडावे, त्यांस शिकवावें, झुंजवावें. हरलेला प्राणी केवळ मूर्च्छित होतो आणि औषधोपचारानें पुन्हा उभा राहतो. २०१० सालीं निक फ्रँको नांवाच्या एका तरुणानें हा खेळ खेळतांना स्वतःवर दोन निर्बंध घालून घेतले. प्रत्येक प्रदेशांत जो प्राणी पहिल्यानें भेटेल तोच पकडावयाचा, निवड करावयाची नाहीं; आणि जो मूर्च्छित पडेल तो मेला असें धरून त्यास कायमचें सोडून द्यावयाचें. आपल्या त्या खेळाची हकीकत त्यानें चित्रमालेच्या रूपानें प्रसिद्ध केली, आणि ‘नझलॉक’ या नांवानें ही रीत जगभर पसरली. पुढें प्रत्येक प्राण्याला स्वतः नांव ठेवलेंच पाहिजे, हा तिसरा नियम तींत रूढ झाला.

या तीन नियमांनीं काय झालें पाहा. खेळाच्या यंत्रणेंत एक अक्षर बदललें नाहीं. तरी पोरांच्या करमणुकींत मृत्यु आला. जो हातीं आला त्याच्याशींच संसार करावयाचा, हें आलें. नांव ठेविलें म्हणून माया जडली, आणि निष्काळजीपणानें चाललेल्या एका खेळीबद्दल मागाहून झोंबणारा पश्चात्ताप आला. करुणरसाची सामग्री म्हणून अलंकारशास्त्रांत जें जें सांगितलें आहे, तें तें खेळणाऱ्यानें आपल्याच हातानें तेथें आणून ठेविलें.

हें वाचून आम्हांस बारामतीकर मोरोपंतांची आठवण झाली तर ती ओढूनताणून झाली असें कोणी म्हणूं नये. पंतांनीं एकशें आठ रामायणें रचिलीं अशी ख्याति आहे. एकच कथा, पण दर वेळीं कवीनें स्वतःच्या पायांत नवी बेडी घालून घ्यावयाची. मंत्ररामायणांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचीं अक्षरें गुंफावयाचीं. निरोष्ठ रामायणांत ओठ मिटून उच्चारावें लागणारें एकही अक्षर यावयाचें नाहीं. या दुसऱ्या बेडीचा अर्थ थोडा थांबून पाहिला पाहिजे. ‘राम’ म्हणतांना शेवटीं ओठ मिटतात. म्हणजे ज्याचें चरित्र गावयाचें त्याचें नांवच घेतां यावयाचें नाहीं! भक्तानें आपणहून आराध्याच्या नामाला मुकावें आणि त्या उणिवेभोंवतीं संबंध काव्य उभारावें, याला नुसती शब्दांची कसरत म्हणून हंसणाऱ्यांस आम्ही आमच्या विद्यार्थिदशेंत सामील होतों. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पंतांची बाजू निबंधमालेंत इतक्या आवेशानें कां घेतली तेंही तेव्हां आम्हांस उमगलें नव्हतें. तें एका मुलांच्या खेळाच्या निमित्तानें पन्नाशीनंतर थोडेंसें उमगावें, हें शिक्षकाला फारसें भूषणावह नाहीं.

अर्थात् एकशें आठही रामायणें सारखींच जिवंत आहेत असें नाहीं, आणि खेळणाऱ्यांचे सारेच निर्बंध नझलॉकच्या तोलाचे नाहींत. ‘एल्डन रिंग’ नांवाचा २०२२ सालचा एक अतिशय कठीण खेळ आहे. त्यांत नायकाचें बळ मुळींच न वाढवितां पहिल्याच पायरीवर राहून शेवटच्या दैत्याला पाडणारे लोक आहेत. पराक्रम खरा, आम्ही टोपी काढतों. पण त्यांतून खेळाचा अर्थ बदलत नाहीं, खेळणाऱ्याची कीर्ति तेवढी वाढते. निर्बंधाची परीक्षा आम्ही अशी करूं : त्यानें कृति नव्यानें दिसते, कीं कर्ता? चित्रकाव्यालाही हीच कसोटी लावावी.

वेगानें खेळ संपविण्याच्या शर्यतीबद्दल, ज्यास ते ‘स्पीडरन’ म्हणतात, आमचें मत असेंच कठोर व्हावयाचें. पण येथें आमच्या गांवानें आम्हांस अडविलें. घड्याळ लावून एकेकट्यानें तोच खेळ शेंकडों वेळां खेळावयाचा आणि सेकंदाचा काटा थोडा मागें सारावयाचा, हा तो उद्योग. ‘गेम्स डन क्विक’ या नांवानें २०१० पासून त्याचे जाहीर उत्सव भरतात व त्यांतून धर्मादायासाठीं मोठा निधि जमतो. आम्ही नाक मुरडणार तोंच बंधु म्हणाले, “मग आपला घाट काय निराळा आहे?” खरें आहे. जुन्नर-आंबेगांवकडे बैलगाड्यांची शर्यत गाड्याला गाडा लावून होत नाहीं. एका वेळीं एकच गाडा, पुढें घोडी, समोर चढाचा घाट, आणि हातांत घड्याळ. दहापंधरा सेकंदांत बारी संपते. मालक वर्षभर बैलाला दूधअंडीं चारतो तें त्या एका सेकंदाच्या कांहीं भागासाठीं. सर्वोच्च न्यायालयानें मे २०१४ मध्यें या शर्यती बंद केल्या, तेव्हां बेल्ह्याच्या बाजारांत शर्यतीच्या खोंडाकडे कोणी बघेना असें बंधु सांगतात; डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बैलाला नेमाबद्दल कोणी विचारीत नाहीं, हा फरक मात्र आम्हीं बंधूंस बोलून दाखविला. त्यांना तो आवडला नाहीं.

आतां राहतो तो कागद. निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं तो पुन्हा वाचला. उरलेल्या पांचांत सर्वांत वर नांव होतें ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’. २००३ सालचा खेळ. राजीच्या भिंतीवरून धांवण्याचें मूळ त्यांतच आहे. त्यांतील राजपुत्राजवळ एक खंजीर असतो, आणि त्याच्या योगानें घडून गेलेला क्षण मागें फिरवितां येतो. याचीच नवी आवृत्ति करण्याचें काम २०२० सालीं युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणें-मुंबईच्या शाखांकडे असल्याचें जाहीर झालें होतें. २०२२ सालीं तें मॉन्ट्रियलला परत गेलें.

“हा पहिला आणि अजून खूण नाहीं?”

तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “शाळेंत असतांना आळेफाट्याला कॅफेंत हा चालायचा. तासाचे पैसे नसायचे. मी मागं उभा राहून दुसऱ्यांचा बघायचो. नोकरी लागल्यावर पहिला हाच घेतला, काका. बारा वर्षं झालीं. उघडायला भीति वाटते.”

“कसली?”

“आतां आवडला नाहीं तर?”

थकबाकी म्हणजे लोभ, असें आमचें साधें समीकरण होतें. तें येथें चुकलें. त्या दोनशेंत कांहीं तरी खेळ स्वस्त म्हणून घेतलेले नाहींत. मागें उभ्या असलेल्या एका मुलासाठीं ते घेतले आहेत, आणि त्या मुलाला बसावयास खुर्ची देण्याचें धैर्य मात्र अजून होत नाहीं. अशा खेळाला सरासरी तास लावतां येत नाहींत.

“तुमच्या कपाटांत असं कांहींच नाहीं?” त्यानें विचारलें. त्यांत टोमणा नव्हता.

आमच्या कपाटांत केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आहेत. त्यांतील नऊ उघडले आहेत. त्याचें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. कोश हा वाचून संपवावयाचा नसतोच. परंतु तिसऱ्या फळीवर एक कादंबरी आहे. आमच्या एका मित्रानें ती लिहिली, स्वतःच्या खर्चानें छापली, आणि पहिल्या पानावर आमचें नांव घालून हातांत दिली. पुढल्या वर्षीं त्यानें दोनदां विचारलें, “वाचलीस का?” दोन्हीं वेळां आम्हीं ‘हो’ म्हटलें. एकदां तर ‘उत्तरार्ध अधिक जमला आहे’ असेंही म्हटलें. कारण उत्तरार्ध बहुधा कोणीच वाचलेला नसतो, हा आमचा धंद्यांतला अनुभव. त्यास तें ऐकून झालेला आनंद आम्हांस अजून दिसतो. तो जाऊन सहा वर्षें झालीं. पुस्तक आम्हीं उघडलें नाहीं, आणि तें न उघडण्याचें कारण वेळ नव्हता हें नव्हे.

पुतण्याला आम्हीं हें सांगितलें नाहीं. पण पुण्यास आल्यावर एक कागद घेऊन त्यावर रेघा ओढल्या. बारा नांवें लिहिण्याचें धाडस झालें नाहीं; एकच लिहिलें. नियमही एकच ठेविला : ती पुरी होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर अभिप्राय द्यावयाचा नाहीं, तोंडी सुद्धां. संपादकांनीं या लेखाचा तगादा लाविल्यामुळें तो आज थोडा मोडला. ‘राजी’ हें पुस्तक नव्हे, ही पळवाट त्यांनींच काढून दिली.

परवां पुतण्याचा फोन आला. त्यानें राजपुत्राचा तो खेळ चालू केला आहे. रोज अर्धा तास, बायको निजल्यावर. आवडला का, असें आम्हीं विचारलें नाहीं, त्यानेंही सांगितलें नाहीं. आम्ही कादंबरीच्या त्र्याहत्तराव्या पानावर आहों. पूर्वार्ध चांगला आहे. एकसष्टाव्या पानावर नायिकेच्या वडिलांच्या तोंडीं त्यानें एक वाक्य घातलें आहे, तें त्या माणसाच्या स्वभावाशीं मुळींच जुळत नाहीं. छापण्यापूर्वीं दाखवितास तर आम्हीं खोडून टाकलें असतें, असें समासांत पेन्सिलीनें लिहून ठेविलें आहे.